कोडं सोडवलं एकाने, स्मायली मिळाली पाचजणांना

मागच्या अंकात या पानावर जिओकॅशिंगमधल्या मिस्ट्री कॅशबद्दल, म्हणजे कोडं सोडवून शोधायच्या डबीबद्दल, लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की लोक विचारतील सायफर (गुप्त लिपी) कसा ओळखायचा, कुठलं ॲप चांगलं वगैरे, पण जी पत्रं आलीत त्यातली बरीचशी भलत्याच गोष्टीवर आहेत. कोडं मी सोडवलं आणि नाव दुसऱ्याचं झालं, किंवा बरोबर उलटं, मी नुसतीच सोबत गेले होते तर "सापडलं" असं म्हणायचा मला हक्क आहे का. म्हणून यावेळी सगळं पान त्यालाच देतेय.

ज्यांनी मागचा अंक बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. जिओकॅशिंगमध्ये कोणीतरी एक डबी (तीच कॅश) लपवतं आणि तिचे जीपीएस कोऑर्डिनेट्स साइटवर टाकतं, आपण जाऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबी होती तशी परत ठेवायची आणि घरी येऊन साइटवर "सापडलं" असा लॉग टाकायचा, की नकाशावर पिवळा हसरा चेहरा येतो, तीच स्मायली. मिस्ट्री कॅशमध्ये नकाशावर निळं प्रश्नचिन्ह असतं आणि दिलेल्या जागी डबी नसतेच, ती साधारण ३ किलोमीटरच्या आत कुठेतरी असते, खरे आकडे कोड्यातून काढावे लागतात. म्हणजे इथे कामं दोन झाली, घरी बसून डोकं चालवायचं आणि बाहेर जाऊन डबी काढायची, आणि साइट हिशेब ठेवते फक्त दुसऱ्या कामाचा. सगळ्या पत्रांचं मूळ मला तरी यातच दिसलं.

"ताई नमस्कार. मी म्युनिकजवळ राहतो. आमचा पाचजणांचा कॅशिंगचा ग्रुप आहे, तीन मराठी, एक तेलुगू मित्र आणि माझा एक जर्मन कलीग. आमच्या भागात नवीन मिस्ट्री आली, डिफिकल्टी पाचपैकी साडेचार. मी रात्री जागून ती सोडवली, आधी मोर्स वाटलं, मग ते ब्रेल निघालं, आणि त्यातून जी अक्षरं आली तो परत विजनेर सायफर होता. चेकरवर (उत्तर बरोबर आहे का ते तपासायचं पान) हिरवं आलं तेव्हा इतका आनंद झाला की लगेच ग्रुपवर आकडे टाकले आणि शनिवारी सगळे गेलो. लॉगबुक कोरं होतं, म्हणजे आम्हीच पहिले! डबी आमच्यातल्या एका मित्राला दिसली, झाडाच्या मुळाशी. कागद छोटासा होता म्हणून ग्रुपचं नाव लिहिलं. मी घरी पोचायच्या आत त्या मित्राचा लॉग आलेला, एफटीएफ (पहिला शोध), मस्त कोडं, सोडवायला खूप मजा आली. माझं कुठे नावच नाही. बाकीच्यांनी टीएफटीसी (कॅशबद्दल धन्यवाद) लिहून सोडून दिलं. बायको म्हणते एवढ्याशा गोष्टीवरून काय चिडायचं. माझं चिडणं चुकीचं आहे का आणि मी त्याला बोलू का?"

चुकीचं अजिबात नाही, आणि हो, बोला. पण बोलायच्या आधी नेमकं काय खटकलं ते वेगळं करून बघा, कारण तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकात एक झाल्यात आणि तिन्हीवर चिडून गेलात तर मित्राला वाटेल की तुम्हाला त्याची स्मायली बघवत नाही.

पहिली गोष्ट स्मायली. ती पाचही जणांची आहे, यात वाद नाही. साइटचा नियम साधा आहे, तुम्ही त्या जागी गेलात आणि लॉगबुकमध्ये सही झाली की "सापडलं" टाकता येतं, कोडं कोणी सोडवलं हे कोणी विचारत नाही. हे आजचं नाही, डेव्ह उल्मरने ३ मे २००० ला ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ या खेळातली पहिली डबी म्हणून एक बादली ठेवली (आदल्याच दिवशी अमेरिकन सरकारने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती, म्हणून हे शक्य झालं) तेव्हा त्या बादलीतही वही आणि पेन्सिल होती, आणि माइक टीगने काही दिवसांतच ती शोधून काढली. तेव्हापासून वहीतलं नाव हाच पुरावा.

दुसरी गोष्ट एफटीएफ, म्हणजे पहिला शोध. तुम्हाला माहीत असेलच, पण नवीन वाचकांसाठी सांगते, साइट स्वतः एफटीएफ मोजतच नाही, तसा काही अधिकृत किताब नाही, तो खेळाडूंनी आपापसात मानलेला मान आहे. प्रोजेक्ट-जीसी नावाची आकडेवारीची साइट आहे तिथे लॉगमध्ये ठरावीक कंसात एफटीएफ लिहिलं तर ते मोजलं जातं, पण तेही ज्याने त्याने स्वतः लिहायचं. कागद कोरा होता, त्यावर पहिलं नाव तुमच्या ग्रुपचं, त्या वेळी पाचहीजण तिथे होतात, मग एफटीएफ पाचही जणांचा. त्याने तो लावला यात काही गैर नाही, तुम्हीही लावा. तुम्ही मागाहून लॉग टाकलात म्हणून तुमचा एफटीएफ कमी होत नाही, ऑनलाइन आधी कोणाचा लॉग पडला याला काहीच किंमत नाही, कागदावर काय आहे त्याला आहे.

तिसरी गोष्ट मात्र खरी आहे. "सोडवायला खूप मजा आली" हे त्याने लिहिलं ते खरं नाहीये, त्याने सोडवलं नाही. आणि हे मी बारीकसारीक म्हणून सोडून देणार नाही, कारण कोडं सोडवल्याची नोंद दुसरीकडे कुठेच होत नाही. डबी सापडली त्याचा आकडा प्रोफाइलवर चढतो, नकाशावर चेहरा येतो, कॅलेंडर भरतं, डिफिकल्टी (शोध किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) यांच्या ८१ चौकटींतली एक चौकट भरते, आणि हे सगळं पाचहीजणांना सारखंच मिळतं. तुमच्या त्या जागरणांसाठी साइटवर एकच जागा आहे, लॉगमधलं वाक्य. तेच वाक्य दुसऱ्याने स्वतःच्या नावावर लिहिलं की तुमचं काम कुठेच उरत नाही. म्हणून मी म्हणते की स्मायली बिनधास्त वाटा पण सोडवणाऱ्याचं नाव लॉगमध्ये आलंच पाहिजे, तिथे भिडस्तपणा नको.

आता करायचं काय. आधी तुमचा स्वतःचा लॉग लिहा, राग न आणता, सरळ. कोडं मी सोडवलं, ब्रेलच्या पायरीवर बराच वेळ अडकलो होतो (पायरीचं नाव लिहू नका हं, ते स्पॉइलर होईल, म्हणजे पुढच्यांसाठी कोडं फुटेल, "मधल्या पायरीवर" एवढंच लिहा), शनिवारी आम्ही पाचजण गेलो, डबी अमक्याला दिसली, कागदावर ग्रुपच्या नावाने सही आहे. यात "डबी अमक्याला दिसली" हे वाक्य गाळू नका, तुम्हाला जे त्याच्याकडून हवंय तेच तुम्ही त्याला आधी द्या, आणि खरंच दिसली त्यालाच ना. ग्रुपचं नाव लिहायचंच, कारण ओनर, म्हणजे डबी लपवणारा, जेव्हा कागद तपासतो तेव्हा त्याला पाच वेगळी नावं ऑनलाइन दिसतात आणि कागदावर एकच, मग त्याला जुळवता येत नाही आणि बिचाऱ्याला मेसेज करत बसावं लागतं.

मग त्या मित्राला फोन करा. ग्रुपवर नको, ग्रुपवर टाकलं की बाकीचे तिघं बघत बसतात आणि त्याला माघार घेणं अवघड होतं. एवढंच म्हणा की अरे लॉगमध्ये सोडवायला मजा आली लिहिलंयस, ते जरा बदलतोस का, मी सोडवलं होतं ना. लॉग कधीही एडिट करता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. मला विचाराल तर त्याने उत्साहाच्या भरात ठोकून दिलं असणार, मराठीत पण आपण "मजा आली सोडवायला" असं ग्रुपचं मिळून बोलतोच की. त्याने बदललं तर विषय संपला. नाही बदललं तर पुढच्या वेळी आकडे ग्रुपवर टाकायच्या आधी सांगा की मी सोडवलंय, सगळे चला, पण लॉगमध्ये तसं लिहा. आकडे तुमच्या हातात असतात तोपर्यंतच हे बोलणं सोपं असतं, नंतर प्रत्येक वेळी ते तक्रार वाटतं.

आणि बायकोला सांगा की एवढ्याशा गोष्टी वेळच्या वेळी बोलल्या नाहीत म्हणूनच चांगले चांगले ग्रुप फुटतात, मी फुटलेले बघितलेत.

"ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. माझा दादा प्रागला असतो. तो मला व्हिडिओ कॉलवर कोडी दाखवतो आणि आम्ही मिळून सोडवतो. मागच्या महिन्यात एक कोडं स्टाफ नोटेशनचं (पाच रेघांवर लिहिलेल्या सुरांचं) होतं, मी कीबोर्ड शिकलेय म्हणून मला लगेच कळलं की सुरांचे आकडे करायचेत, आणि पूर्ण मीच काढलं. दादाने जाऊन डबी शोधली. तो म्हणाला कागदावर तुझं पण नाव लिहितो, तू पण 'सापडलं' टाक. मी अकाउंट उघडलंय पण टाकलं नाहीये अजून. टाकू का? नाहीतर माझं काय मग?"

टाकू नकोस. आणि दादाला पण सांग की कागदावर तुझं नाव लिहू नको. तू तिथे नव्हतीस, आणि स्मायली ही तिथे असण्याचीच आहे, कितीही हुशारीने कोडं सोडवलेलं असो. घरबसल्या लॉग टाकणाऱ्यांना या खेळात कोणी चांगलं म्हणत नाही, आणि ओनरला कळलं तर तो लॉग उडवू शकतो, मग तुझं अकाउंट उघडल्या उघडल्या त्याच्यावर डाग.

मला माहितेय की यावर तू म्हणशील मोठमोठे लोक पण एकमेकांच्या सह्या करतातच. करतात. नेवाडामध्ये ईटी हायवे म्हणून प्रसिद्ध मालिका आहे, वाळवंटातल्या रस्त्याला लागून हजाराहून जास्त डब्या, १६१ मीटरचं किमान अंतर असतं तेवढ्याच अंतरावर एकामागून एक, तिथे टीम दोन गाड्यांत वाटून जातात आणि अर्ध्या डब्या इकडची गाडी, अर्ध्या तिकडची, सही सगळ्यांची. ओनरही तिथे फारसं मनावर घेत नाहीत. मला ते पटत नाही, पण निदान ते सगळे त्या रस्त्यावर असतात तरी. पुण्याच्या खोलीतून प्रागची डबी सापडली असं लिहिणं म्हणजे त्याच्याही पुढची पायरी झाली.

पण तुझा शेवटचा प्रश्न मला फार लागला, माझं काय मग. तुझं बरंच काही आहे. एक तर दादाने त्याच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहायचं की हे कोडं माझ्या बहिणीने पुण्यातून सोडवलं, मी फक्त डबी काढली. तुझं अकाउंट आहे तर तुझं अकाउंटचं नाव पण लिहायचं. ओनरला असलं वाचायला केवढं आवडतं माहितेय? आपण प्रागमध्ये लपवलेल्या डबीचं कोडं पुण्यातली एक मुलगी सोडवतेय हे कळलं तर तो माणूस दिवसभर लोकांना सांगत सुटेल. दुसरं, साइटवर "सापडलं" सोडून "नोट" नावाचा लॉगचा प्रकार आहे, तो टाकायला डबीजवळ जावं लागत नाही, स्मायलीही मिळत नाही. तू तिथे दोन ओळी लिही, कोडं आवडलं, सूर ओळखायला मजा आली (कुठले सूर ते नको!), डबी भावाने शोधली. ते तुझ्या नावावर कायम राहील. आणि तिसरं म्हणजे कधी प्रागला जाशील तेव्हा ती डबी स्वतः काढ आणि तेव्हा स्मायली घे, कोडं आधीच सोडवलेलं असलं तरी चालतं.

जाता जाता एक, तू पत्रात पुढे लिहिलंयस की आकडे काढताना सुरुवात पटकन जमली. ती सगळ्यांनाच जमते, कारण डबी ३ किलोमीटरच्या आत आहे म्हटल्यावर प्रागमध्ये अक्षांश ५० अंश उत्तर आणि रेखांश १४ अंश पूर्व हे आधीच ठरलेलं असतं, तिथून सायफरची किल्ली उलटी काढता येते. कष्ट असतात ते शेवटच्या तीन आकड्यांत (मिनिटांच्या दशांश चिन्हानंतरच्या), त्यातला पहिला एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण जवळजवळ १८५ मीटर लांब जाल, शेवटचा चुकला तर दोनच मीटर. तू तिन्ही बरोबर काढलेस. दादाला हे पण लिहायला सांग.

"मी न्यू जर्सीत राहतो, माझ्या स्वतःच्या चार मिस्ट्री कॅश आहेत. एकेक कोडं बनवायला मला महिना महिना लागतो. अलीकडे असं होतंय की एका रविवारी पंधरा-वीस लोक येतात, सगळ्यांचे लॉग एकाच वाक्याचे, ग्रुपबरोबर काढली, धन्यवाद. मला कळलंय की कोणीतरी फायनल आकड्यांची यादी व्हॉट्सॲपवर फिरवतंय. या लोकांचे लॉग डिलीट करू का? त्यांनी कोडं सोडवलेलंच नाही."

काका, वाचून वाईट वाटलं, खरंच. पण डिलीट करू नका, कारण करता येणार नाही. त्यांचं नाव कागदावर असेल तर लॉग ठेवावाच लागतो. २००९ पर्यंत ओनर जादा अटी घालू शकायचे, कोडं स्वतः सोडवल्याचं सांगा, टोपी घालून फोटो टाका, असलं काय काय, त्या वर्षी साइटने ते बंद केलं, आता सही हीच अट (चॅलेंज कॅश सोडून, तिथे आधीची पात्रता लागते). तुम्ही डिलीट केलेत तर ते तक्रार करतील आणि लॉग परत येतील, आणि वर तुम्हीच वाईट ठराल. कागद मात्र जरूर तपासा. पंधरा लॉग आणि कागदावर अकराच नावं असं असेल तर ज्यांची सही नाही त्यांना आधी नीट मेसेज करा की कागदावर तुमचं नाव दिसत नाही, ग्रुपच्या नावाने सही केली होती का, आणि उत्तर आलं नाही तर तो लॉग काढायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

यादी फिरवणं मात्र नुसतं वाईट दिसतं असं नाही, ते साइटच्या वापराच्या अटींतच बसत नाही. ओनरच्या परवानगीशिवाय कोड्याची उत्तरं, लपवलेले आकडे, स्पॉइलर कुठेही प्रसिद्ध करायचे नाहीत असं तिथे साफ लिहिलंय, आणि "कुठेही" म्हणजे फक्त त्यांच्या साइटवर नाही. कोण फिरवतंय हे माहीत असेल तर एकदा बोला, मेसेजमध्ये शांतपणे. बरेच लोक हे माहीतच नाही म्हणून करतात.

आणि इथे मी बाकीच्या वाचकांशी बोलते, कारण ही यादी आपल्यापैकीच कोणाच्या तरी फोनमध्ये असणार. सिएटलकडच्या एका ताईंचं याच विषयावर पत्र आलंय, त्यांच्या ग्रुपवर अशी यादी आहे आणि नवीन लोक सारखे आकडे मागतात, द्यायचे का असं त्या विचारतात. तर ताई, तुमच्याबरोबर कोणी चालणार असेल, तुम्ही सगळे एकत्र त्या डबीकडे जाणार असाल, तर आकडे द्या, यात काही बिघडत नाही, गेल्या पंचवीस वर्षांत लोक असेच ग्रुपने जात आलेत. पण अनोळखी माणसाला नुसते आकडे पाठवायचे नाहीत. त्याला विचारा तू कुठपर्यंत आलास, काय काय करून बघितलंस, आणि मग एक धक्का द्या, "चित्राकडे बघ" किंवा "पानाचं शीर्षक परत वाच" एवढाच. ज्याला खरंच सोडवायचंय त्याला तेवढं पुरतं आणि तो तुम्हाला लॉगमध्ये मनापासून धन्यवाद देईल. ज्याला फक्त आकडे हवेत तो चिडेल, चिडू दे. कोडं तुम्ही स्वतः सोडवलं नसेल, तुम्हालाही कोणी दिलेलं असेल, तर ते पुढे देण्याचा हक्क तुमचा नाहीच मुळी, आधी ज्याने सोडवलं त्याला विचारा. यादी बनवणारा माणूस पाच वेगवेगळ्या लोकांची जागरणं एका कागदावर आणतो आणि खाली कोणाचंच नाव नसतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

न्यू जर्सीच्या काकांना अजून दोन गोष्टी. काही चेकरवर बरोबर उत्तर टाकलं की ओनरचा निरोप दाखवायची सोय असते, तिथे लिहून ठेवा की ग्रुपने येणार असाल तर लॉगमध्ये कोडं कोणी सोडवलं ते लिहा, मला वाचायला आवडेल. प्रेमाने मागितलं की लोक देतात. डबीला आकड्यांचं कुलूप लावायचा विचार तुम्ही पत्रात पुढे लिहिलाय, पण जिथे आकडे फिरतात तिथे कुलपाचा नंबर पण फिरणारच, त्यावर वेळ नका घालवू.

आणि जे कोणी त्या रविवारी तिथे गेले असतील त्यांनी कृपा करून परत आपापला लॉग उघडा आणि दोन वाक्यं वाढवा. ज्याने कोडं बनवलं तोही या श्रेयातला वाटेकरी आहे, आणि सगळ्यात मोठा. त्याला पैसे मिळत नाहीत, तो डबी स्वतःच्या खर्चाने ठेवतो, पावसात ओली झाली की कागद बदलतो, आणि बदल्यात त्याला फक्त आपले लॉग मिळतात. प्रीमियम मेंबर (पैसे भरून झालेले सदस्य) असाल तर दर १० शोधांमागे एक फेव्हरिट पॉइंट हातात येतो, तो अशा कोड्यासाठीच असतो, पण ज्याने स्वतः सोडवलं त्याने तो द्यावा असं माझं मत, नुसतं बरोबर गेलेल्याने पार्किंगची जागा छान होती म्हणून दिला तर ओनरला काय कळणार कोडं कसं झालंय ते.

"मी मुलीकडे एक्सेटरला आलेय, सहा महिने आहे. वय ६८. जावई कोडी सोडवतात, नात डबी शोधते, मी नुसती त्यांच्याबरोबर चालते. नातीने मला अकाउंट उघडून दिलंय आणि म्हणते आजी तू पण लॉग टाक. मला अपराधी वाटतं, मी तर काहीच केलेलं नसतं."

काकू, टाका. तुम्ही तिथपर्यंत चालत गेलात, कागदावर नाव लिहिलंत, नियमाने ती स्मायली तुमचीच आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त लॉगमध्ये जे झालं ते लिहा, जावयांनी कोडं सोडवलं, नातीने डबी काढली, मी बरोबर होते, आणि तुम्ही वाटेत काय बघितलंत ते लिहा, फुलं, पाऊस, मेंढ्या, काय असेल ते. ओनरला हे वाचायला "धन्यवाद" पेक्षा कितीतरी जास्त आवडतं, आणि तुमच्या घरातले बाकीचे दोघं हे लिहिणार नाहीत, त्यांचं लक्ष डबीत असतं.

आणि तुम्ही एक्सेटरला आहात म्हणजे डार्टमूरचं माळरान अगदी जवळ, तिथे एकदा घेऊन जा म्हणावं. १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमिअर पूलला एक बाटली ठेवली होती, जे तिथपर्यंत चालत येतील त्यांनी आपलं कार्ड त्यात टाकायचं. वाट त्याला माहीत होती, लोक त्याच्या मागून यायचे, पण कार्ड ज्याचं त्याचं असायचं. त्यातूनच लेटरबॉक्सिंग, म्हणजे लपवलेल्या पेट्या शोधायचा खेळ, आलं आणि आपला खेळ त्याच्याच वळणाचा आहे. वाटाड्याच्या मागून चालत जाणारे तेव्हापासून आहेत, तुम्ही पहिल्या नाही.

"आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे, कोडी तोच सोडवतो, पण अकाउंट माझ्या नावावर आहे. लोक मला इव्हेंटला (कॅशिंगवाल्यांच्या मेळाव्याला) भेटून म्हणतात वा काय सोडवलंत. मी त्यांना सांगते मुलाने सोडवलं, पण ते हसतात, त्यांना वाटतं मी कौतुकाने म्हणतेय. मुलगा आता म्हणतो मला नाही सोडवायचं."

हे ताबडतोब दुरुस्त करा, बाकी सगळ्या पत्रांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटलं. मोठ्या माणसाचं श्रेय गेलं तर तो चिडतो आणि पत्र लिहितो, मुलं गप्प बसतात आणि सोडून देतात.

कागदावर आजपासून त्याचं नाव लिहायचं, त्याने ठरवलेलं टोपणनाव चालेल, खरं नाव आणि शाळा वगैरे सगळ्यांसमोर नको. तुमचं अकाउंटचं नाव त्याच्या शेजारी. ऑनलाइन लॉगचं पहिलं वाक्य त्याचं, आणि ते त्याच्याकडूनच लिहून घ्या, कसं अडकला, कसं सुटलं, त्याच्या शब्दांत. खाली एक ओळ तुमची, की वरचं माझ्या मुलाने लिहिलंय आणि कोडंही त्यानेच सोडवलंय. जुन्या लॉगपैकी जी कोडी त्याला आठवतात तीही उघडा आणि त्याच्याबरोबर बसून बदला, एडिट करता येतात म्हणून वर म्हटलंच.

इव्हेंटला त्याला घेऊन जा. कोणी तुम्हाला वा म्हणालं तर तुम्ही उत्तर देऊ नका, त्याच्याकडे हात करा आणि म्हणा त्याला विचारा ना. दोन प्रश्न विचारले की समोरच्याला आपोआप कळतं कोणी सोडवलंय, कोडं सोडवणारा माणूस दुसऱ्या सोडवणाऱ्याला लगेच ओळखतो. तुमच्या भागात मिस्ट्री लपवणारे कोण आहेत ते लॉगवरून कळेलच, त्यांच्यातल्या एखाद्याला आधी मेसेज करून ठेवा की तुमचं अमुक कोडं माझ्या मुलाने सोडवलं, इव्हेंटला भेटाल का त्याला. मला नाही वाटत कोणी नाही म्हणेल.